गढूळ पाण्याचा आकडा

पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, त्याच वर्षी मला पाणी तपासायची नोकरी लागली. कंत्राटी होती, पण रसायनशास्त्र शिकून घरी बसण्यापेक्षा बरी, असं वडील म्हणाले. ते रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि माझ्या रिकामपणाची त्यांना माझ्यापेक्षा जास्त काळजी होती. आमचं घर डहाणूत, आगरच्या रस्त्याला. सकाळी मी स्कूटर काढायची आणि कधी सायवनच्या बाजूला, कधी तलासरीकडे जायची. जिथे जिथे नळपाणी योजना होती तिथून बाटलीत पाणी भरायचं, प्रयोगशाळेत आणून तपासायचं. पहिलं वर्ष असंच गेलं.

तलासरीहून झरीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत एक छोटं जलशुद्धीकरण केंद्र होतं. लोक त्याला नुसतं ‘फिल्टर’ म्हणत. कालव्याचं पाणी तिथे यायचं, तुरटी घालून निवळायचं, वाळूच्या थरातून गाळलं जायचं आणि जंतू मारायची पावडर मिसळून आसपासच्या पाड्यांना सुटायचं. दुसऱ्या वर्षी त्या केंद्रात पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर बसवायचं ठरलं आणि त्याची देखभाल माझ्याकडे आली.

सेन्सर बसवायला वापीहून एक माणूस आला होता. पिशवीतून त्याने काळी, हातभर लांबीची नळी काढली. तिच्या टोकाला काचेच्या दोन बारीक खिडक्या होत्या. एका खिडकीतून उजेड पाण्यात जातो, पाण्यात मातीचे कण असले तर त्यांच्यावर आपटून विखुरतो, आणि तो विखुरलेला उजेड दुसरी खिडकी टिपते. कण जितके जास्त तितका आकडा मोठा. गाळलेलं पाणी टाकीकडे जातं त्या वाटेवर त्याने ती नळी बसवली आणि भिंतीवर एक डबा ठोकला. डब्यावर लाल आकडा उमटला. एकच्या खाली आला तर पाणी उत्तम. पाचच्या वर गेला तर सोडायचं नाही. इतकं साधं होतं ते.

“बेन, आ काचने आंगळी नहि अडाडवानी,” तो मला म्हणाला. काचेला बोट लावायचं नाही. मग तेच त्याने हिंदीत केंद्राच्या ऑपरेटरला सांगितलं. ऑपरेटरने मान डोलावली आणि हात पाठीमागे बांधून घेतले, जणू आपली बोटं आपल्याला न विचारता पुढे जातील.

हा ऑपरेटर वरच्या पाड्यातला होता. पन्नाशीच्या अलीकडचा, सडपातळ, कमी बोलणारा. मी त्याला दादा म्हणायची. तो मला आधी मॅडम म्हणायचा, पुढे बाय म्हणायला लागला. केंद्र बांधलं तेव्हा तो तिथे मजुरीला होता. बांधून झाल्यावर चालवायला कुणीतरी हवं म्हणून त्यालाच ठेवून घेतलं. केंद्राच्या मागून चढण चढून गेलं की त्याचं घर. मी महिन्यातून एकदा सेन्सर साफ करायला यायची, त्या दिवशी जेवण त्याच्याच घरी असायचं. त्याची बायको मला दुसरीकडे जेवू द्यायची नाही. मी तिला वहिनी म्हणायची.

साफसफाईचं काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. नळी बाहेर काढायची, काच आधी शुद्ध पाण्याने धुवायची, मग मऊ कपड्याने हलकेच पुसायची. खरखरीत कपडा लागला तर ओरखडा पडतो, आणि ओरखडा म्हणजे कायमचा खोटा आकडा. पाण्याचे बुडबुडे काचेला चिकटले तरी आकडा वाढतो. भिंतीवरच्या डब्यात दमट हवा शिरली की तो वेड्यासारखा वरखाली व्हायचा. एकदा डब्यात पालीने अंडी घातली होती. दादाने ती कागदावर अलगद काढून बाहेर झुडपात ठेवली होती आणि मला फोनवर विचारलं होतं, “बाय, पालीचं काय यंत्राला वाकडं तर नाय ना?”

एका उन्हाळ्यात आकडा रोज थोडा थोडा चढायला लागला. पाणी पाहावं तर आरशासारखं. मी नळी काढली तेव्हा काचेवर बोटाला बुळबुळीत लागेल असा शेवाळाचा पापुद्रा होता. तो पुसल्यावर आकडा लगेच खाली आला. दादा कितीतरी वेळ त्या डब्याकडे बघत राहिला.

“म्हंजे ह्ये पन खोटा बोलते?”

“खोटं बोलत नाही दादा. त्याच्या डोळ्यावर घाण बसली की त्याला घाणच दिसते.”

त्या दिवसापासून दर आठवड्याला काच पुसायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. मी त्याला शिकवलं. वापीच्या माणसाच्या धाकाने तो आधी कपड्याची घडी करायचा, मग ती ओली करायचा, मग श्वास रोखून पुसायचा. मला हसू यायचं, पण मी हसले नाही. त्याची ती काळजी कुठून आली होती ते मला नंतर कळलं.

ते वहिनीने सांगितलं. पावसाळ्याचे दिवस होते, मी भिजून आले होते आणि ती चुलीपुढे नाचणीची भाकरी थापत होती. नेहमीप्रमाणे तिने विचारलं, “बाय, आज किती?” मी आकडा सांगितला. पावसातही तो दोनच्या आत होता. ती म्हणाली, “मंग बरा.” आणि भाकरी उलटता उलटता सांगायला लागली. फिल्टर व्हायच्या आधी पाड्याची सगळी भिस्त एका जुन्या विहिरीवर होती. पावसाळ्यात तिचं पाणी चहासारखं व्हायचं. लोक फडक्यातून गाळून तेच प्यायचे. अशाच एका पावसात तिची पहिली मुलगी गेली. जुलाब, उलट्या, तलासरीला न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. “चालाया लागली व्हती,” वहिनी म्हणाली. “मीच तिला पानी पाजलेला. माज्याच हातानं.” मग तिने भाकरी माझ्या ताटात टाकली आणि वर लसणाची चटणी वाढली. मी भाकरीचा तुकडा मोडला. तिला माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा “आज किती?” विचारायची, तेव्हा मी आकडा नीट, दशांशासकट सांगायची.

अशी तीनेक वर्षं गेली. वडील मधून मधून विचारायचे, कायम कधी करणार. मी म्हणायची, विचारते. सायवनकडच्या योजनेची मोटर दर उन्हाळ्यात जळायची आणि लोक माझ्यावर चिडायचे, जणू मोटर मीच जाळली. झरीच्या वाटेवरच्या केंद्रात मात्र सगळं सुरळीत होतं. महिन्यातला तो दिवस मला सुट्टीसारखा वाटायचा.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. डहाणूत आम्हांला वाटलं मालगाडी गेली. रुळांजवळ आयुष्य काढलेले वडील म्हणाले, “ही गाडी नाही.” मग धक्के येतच राहिले. आधी जमिनीखालून गुरगुर यायची, नंतर भांडी वाजायची. तलासरीच्या आणि डहाणूच्या आतल्या भागात जास्त. कुडाच्या भिंती तडकल्या, विटांची नवी घरं तर जास्तच तडकली. लोक घरात झोपेनात. शेतात, अंगणात ताडपत्र्या बांधल्या, सरकारने तंबू दिले. शाळा झाडाखाली भरायला लागल्या. त्या वर्षीची थंडी नेहमीपेक्षा जास्त बोचरी वाटली, कारण ती सगळ्यांनी उघड्यावर काढली.

केंद्रात मी गेले तेव्हा दादाने मला डब्यापुढे उभं केलं. “बघ बाय. हालला की ह्ये वर जाते.” प्रत्येक धक्क्यानंतर निवळणीच्या टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जात होता आणि फिल्टरच्या वाळूतूनही थोडी माती सुटत होती. आकडा तीनपर्यंत जायचा, कधी चारपर्यंत, आणि तासाभरात परत खाली यायचा. थंडीत एरवी तो हलतसुद्धा नसे. आम्ही दोघं त्या लाल आकड्याकडे बघत उभं राहायचो. पायाखाली काय चाललंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याचा माग लागायचा तो एवढाच.

“घरातले बाहेर झोपतात ना?” मी विचारलं.

“सगली भायेर. हिला मातर तंबूत नाय झोपायचा. म्हनते, आंब्याखाली बरा, आंबा पडनार नाय.”

थंडी सरत आली होती तेव्हा मोठा धक्का आला. दुपार व्हायची होती. मी सायवनकडे होते. तिथे शाळेची कौलं घसरून मैदानात पडली. कुणाला लागलं नाही. मी वडिलांना फोन करून ते बरे असल्याची खात्री केली, इतक्यात दादाचा फोन आला.

“बाय, आकडा खाली येत नाय.”

“किती आहे?”

“चवदा. आता पंधरा.”

मी सरळ तिकडे निघाले. रस्त्यात सगळीकडे माणसं घरांपासून लांब, मोकळ्यावर उभी होती. केंद्राच्या भिंतीला एक उभी चीर गेली होती, पण टाक्या बाहेरून शाबूत होत्या. डब्यावरचा आकडा पंधराच्या पुढेमागे हलत होता. आधी मी शेवाळाचा विचार केला. नळी काढून काच धुतली, पुसली, बुडबुडे झटकले, परत बसवली. आकडा तोच. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दारातल्या उजेडात धरलं. डोळ्यांना थोडंसं धुरकट दिसत होतं, पण पिऊ नये असं पाहून कुणी म्हटलं नसतं. सेन्सर खरा बोलतोय का, हे पक्कं करायला ठराविक गढूळपणाचं तयार द्रावण लागतं. ते संपलं होतं आणि नवं अजून आलं नव्हतं. मी बाटलीत नमुना भरून घेतला.

दादा फिल्टरच्या टाकीत वाकून बघत होता. वाळू एका बाजूला सरकून खड्डा पडला होता. खालची फरशी फुटली असावी, म्हणजे पाणी न गाळताच खाली चाललं होतं. गढूळ पाण्यात पावडरही धड काम करत नाही, जंतू मातीच्या कणांआड लपून राहतात. मी उपअभियंता साहेबांना फोन लावला. ते दुसऱ्या एका गावात पडलेल्या भिंती बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाणी बंद ठेवा. मी टँकर लावतो. दुरुस्तीला माणसं उद्या पाठवतो.”

दादाने वॉल्व्ह फिरवला. ते मोठं लोखंडी चाक फिरवताना तो नेहमी एक पाय भिंतीला टेकवायचा. त्या दिवशी भिंतीला चीर होती, म्हणून त्याने पाय टेकवला नाही आणि नुसत्या दंडांच्या जोरावर ते फिरवलं.

चार वाजता नळाची वेळ. नळ कोरडे गेले तशा बायका हंडे घेऊन केंद्राच्या फाटकाशी आल्या. आधीच महिनोन्‌महिने उघड्यावर राहून सगळ्यांची सहनशक्ती संपली होती.

“घर गेला, आता पानी पन नेता का?” एक जण ओरडली.

मी पुढे होऊन समजावायला लागले. वाळू, फरशी, गढूळपणा. माझं मलाच ते पुस्तकी वाटत होतं. एकीने दादाच्या हातातला ग्लास ओढून घेतला आणि सगळ्यांना दाखवला. “ह्ये गढूल? ह्ये? आमी यापेक्षा काला पानी पिलेला हाय.”

तेव्हा मागून वहिनी पुढे आली. तिच्याही डोक्यावर हंडा होता. तिने तो खाली ठेवला.

“पिलेला हाय ना?” ती त्या बाईला म्हणाली. “मी पन पिलेला हाय. पाजलेला पन हाय. तुला म्हाईत हाय.”

त्या बाईने ग्लास खाली केला. पाड्यात सगळ्यांनाच माहीत होतं. वहिनीने ग्लास घेतला, पाणी जमिनीवर ओतलं, आणि आवाज न चढवता म्हणाली, “टँकर येनार हाय. चला.” एकेक करून बायका वळल्या. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. जेवलीस का, असं हातानेच विचारलं. मी मान हलवली. तिला बोलताना मी पाहिलं ते शेवटचं.

टँकर संध्याकाळी आला, पण खालच्या पाड्यापर्यंतच. वरच्या पाड्याची चढण कच्ची, त्यात धक्क्याने दरडीची माती वाटेवर आलेली. भरलेला टँकर चढवायला ड्रायव्हर तयार झाला नाही. वरच्या बायकांनी खालून पिण्यापुरते हंडे वाहून नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या शेजारी एक बाई बाळंत झाली, तंबूतच. बाळंतिणीला न्हाऊ घालायला, कपडे धुवायला पाणी हवं होतं आणि टँकरचं पाणी तर पिण्याला ठेवायचं होतं. वहिनी म्हणाली, “मी आनते विहिरीवरून. तापवून घेऊ.” ती जुनी विहीर केव्हाच कुणी वापरत नव्हतं. कठड्याचे दगड इतक्या धक्क्यांनी आतून सुटले असतील, हे कुणाच्या मनात आलं नाही. ती पोहरा ओढायला वाकली आणि पायाखालचा काठ तिच्यासकट आत गेला.

तिला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती. दादा खाली केंद्रात होता, त्याला हाक मारून नेलं. खाटेवर घालून तिला खालपर्यंत उतरवलं, तिथून सिल्वासाच्या दवाखान्यात नेलं. पाठीला आणि डोक्याला मार होता. मी प्रयोगशाळेत त्याच आदल्या दिवशीच्या बाटलीतलं पाणी तपासत होते, तेव्हा मला कळलं. प्रयोगशाळेच्या यंत्रावर आकडा पंधराच आला. मी तो लिहिला आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले. किल्ली माझ्या हातातच होती.

दवाखान्यात त्यांनी मला आत सोडलं नाही. दादा बाहेर बाकावर बसला होता. पायांत चपला नव्हत्या. मी शेजारी बसले. तो म्हणाला, “मघाशी बोलली. बाळंतिनीला पानी कोनी दिला का, इचारत व्हती.”

“मग?”

“मी सांगला, दिला. म्हाईत नाय कोनी दिला का.”

त्याच आठवड्यात वहिनी गेली.

मी पाड्यावर गेले तेव्हा आंब्याखाली माणसं बसली होती. जमीन त्या दिवशीही हलली. बसलेली माणसं उठली नाहीत, नुसतं एकमेकांकडे पाहिलं. दादाचा धाकटा भाऊ मला बघून उठला. तो रागात नव्हता, दमलेला होता. “मॅडम,” तो म्हणाला, “तुमच्या त्या डब्यानं पानी बंद केला. नायतर ती विहिरीवर गेली नसती.” कुणीतरी त्याला खाली बसवलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रावरही पंधराच आला होता, हे तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

घरी वडिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी सिग्नलवर पुष्कळ वर्षं काढली होती. ते म्हणाले, “लाल दिव्याने गाडी थांबते. थांबलेल्या गाडीतल्या माणसांचं काय होतं, ते दिव्याला कळत नाही. ते कुणीतरी बघायला हवं.” मला त्या वेळी त्यांचा राग आला. पण त्यांचं ते बोलणं मी विसरले नाही.

दिवसकार्य झाल्यावर दादा कामावर आला. तोवर फिल्टरची फरशी बदलून झाली होती, भिंतीची चीर सिमेंटने बुजवली होती, नवी वाळू भरायची राहिली होती. पाणी टँकरचंच चालू होतं. मी नवं द्रावण घेऊन गेले होते. मोठ्या धक्क्याच्या दिवशी नळी बसवली, त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता, तिच्यातला कुठलाही आकडा कुणी बदलला नव्हता. दादा दारात उभा होता. दाढी वाढलेली, अंगातला शर्ट सैल झालेला.

“बाय,” तो म्हणाला, “एक इचारू?”

“विचारा ना.”

“त्या दिवशी आकडा खरा व्हता ना?”

मी म्हटलं, हो, मी बाटली नेली होती, प्रयोगशाळेतही तेवढाच आला, माझ्याकडे कागद आहे.

“कागद नको. माज्यासमोर कर.”

मी पिशवी उघडली. वस्तू एकेक करून सावकाश बाहेर मांडल्या. आतून दुधट पांढरं दिसणारं द्रावण, शुद्ध पाण्याचा कॅन, काळी बादली. बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून बादली काळी असावी लागते. मला तेव्हा नक्की कशाची भीती वाटत होती, हे आजही सांगता येत नाही. आकडा खोटा निघाला असता तर वहिनी विनाकारण गेली, असं झालं असतं. खरा निघाला तर? तर काही बदलणार नव्हतं. ती गेलेलीच होती.

मी काच धुतली. दादाने मऊ कपडा पुढे केला. नेहमीसारखी घडी केलेला, ओला केलेला. मी म्हटलं, “तुम्हीच पुसा.” त्याने पुसली. नळी शुद्ध पाण्यात सोडली. आकडा हळूहळू उतरत शून्याला टेकला. मग मी बादली रिकामी केली, द्रावण ओतलं. ते वीसचं होतं; सेन्सर खरा असेल तर वीसच्या आसपास दाखवायला हवं. मी दादाला तसं सांगितलं. नळी आत सोडली. बुडबुडे निघून जायला थोडा वेळ लागतो. लाल आकडा आठ झाला, तेरा झाला, सतरा झाला. मग एकोणीस आणि पुढे आठ दशांश, तिथे थांबला. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. तो पुढे हलला नाही.

“वीस म्हनायचा?” दादाने विचारलं.

“वीसच. इतका फरक चालतो.”

“मंग त्या दिवशी पन खरा.”

“हो.”

तो खाली बसला. भिंतीला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून. मला वाटलं तो रडेल. त्याने डोकं वर केलं तेव्हा डोळे कोरडे होते.

“मंग मी परत पन बंदच केला असता,” तो म्हणाला. “तिनं पन करायलाच सांगला असता.” आणि थोडं थांबून, “पन टँकर वर चढाया पायजे व्हता, बाय. पयला वर.”

रडले ती मी. त्याने मला रडू दिलं. नंतर उठून काळी बादली धुतली, नळी जागेवर बसवली, नट आवळले.

टँकर आधी वर. हे वाक्य घेऊन मी उपअभियंता साहेबांकडे गेले. ते चांगले गृहस्थ होते, पण त्या दिवसांत त्यांच्या टेबलावर माणसांची रांग असायची. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर सांगितलं की वॉल्व्ह बंद करायचा आकडा आपण ठरवला आहे, पण बंद केल्यावर वरच्या पाड्याला पाणी कोण आणि कसं पोचवणार ते ठरवलेलं नाही. ते म्हणाले, “बाई, धक्के काय रोज येणारेत का?” मी म्हटलं, “रोजच येतायत, साहेब.” त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “ट्रॅक्टर जातो का वर?” मी म्हटलं, जातो. पुढच्या महिन्यात ट्रॅक्टरला जोडायची एक पाण्याची टाकी केंद्राच्या आवारात येऊन उभी राहिली. चढणीवर मुरूम पडला. विहिरीचं तोंड पाड्याच्या लोकांनी आधी काट्यांनी झाकलं, मग पंचायतीने त्यावर लोखंडी जाळी बसवली. ती बुजवावी असं काही जण म्हणत होते. दादा नको म्हणाला. “झरा जिवंत हाय,” इतकंच बोलला.

जमीन उन्हाळाभर हलत राहिली, कधी कमी, कधी जास्त. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात, पण ती सवय नव्हती; धक्का आला की बोलणारा थांबायचा आणि संपला की राहिलेलं वाक्य पूर्ण करायचा. दादाचा धाकटा भाऊ ट्रॅक्टर चालवायला लागला. तो माझ्याशी त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. एकदा माझी स्कूटर चढणीखाली बंद पडली, तेव्हा ती ट्रॉलीत घालून त्याने तलासरीपर्यंत पोचवली आणि वाटेत चहा पाजला.

माझं कंत्राट त्या पावसाळ्यानंतर संपणार होतं. जुलैत खूप पाऊस झाला. एका दुपारी मी केंद्रातच होते. कालवा तांबडा होऊन वाहत होता आणि निवळणीच्या टाकीला ते पाणी आवरेना. आकडा चारवर गेला, मग साडेचारवर. दादाने तुरटी वाढवून पाहिली. पाचला तो डब्यापुढून हलला आणि बाहेर जाऊन भावाला हाक मारली. जुन्या साठ्यातल्या चांगल्या पाण्याने ट्रॅक्टरची टाकी भरली. ट्रॅक्टर पावसात चढण चढत गेला, वळणावर दिसेनासा झाला. दादा वॉल्व्हच्या चाकावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. फिरवला नाही; नळाची वेळ व्हायला अजून अवकाश होता.

काही वेळाने त्याचा फोन वाजला. वरून भाऊ बोलत होता. बायकांचे आवाज आणि हंड्यांचा खणखणाट मलाही ऐकू आला.

“पोचला?” दादाने विचारलं. “सगल्यांना मिलेल ना? बरा.”

फोन खिशात ठेवून त्याने एक पाय भिंतीला टेकवला आणि चाक फिरवलं.